बांधाच्या पोटातली अर्धी तार

मी अर्धी तार बोलतेय.

अर्धी का, ते सांगतेच. पण आधी एक गोष्ट मिटवून टाकू. मला वायर म्हणू नका. आमच्या माडखारची झाडून सगळी माणसं म्हणतात, त्यांना किती वेळा सांगणार? आणि सांगणार तरी कशी? वायर तांब्याची असते, तिच्यातून वीज धावते, हात लावला तर झटका बसतो. मी काचेची. माझ्यातून धावतो तो उजेड. मला हात लावलात तर तुम्हाला काही होत नाही, उलट मलाच तुमचा हात कळतो.

धरमतरच्या खाडीला लागून आमचं माडखार. एका अंगाला खाडीचं खारं पाणी, दुसऱ्या अंगाला भाताची शेतं आणि मध्ये मातीचा लांबलचक बांध. त्या बांधाच्या पोटात, कमरेइतक्या खोल, मी निजलेय. निजलेय म्हणजे नुसती पडलेय हो, झोप कुठली आमच्या नशिबात! भिंतीला कान असतात म्हणतात ना? इथं बांधाला कान आहे, आणि तो कान म्हणजे मी.

माझा जन्म एका कारखान्यातल्या उंच मनोऱ्यात झाला. काचेची जाडजूड कांडी वर तापवली, ती वितळली आणि मधाच्या धारेसारखी खाली ओघळली. ती धार ओढून ओढून केसाएवढी बारीक केली. तीच मी. मग अंगावर लेप, लेपावर धागे, धाग्यांवर काळं कवच. जन्मल्या जन्मल्या इतके कपडे चढवले की मी कशी दिसते हे कुणी पाहिलंच नाही.

माझ्या बहिणींचं नशीब थोर. त्या रस्त्याकडेनं गेल्या, समुद्राच्या तळातून गेल्या. त्यांच्यातून लोकांच्या गप्पा जातात, भांडणं जातात, लग्नं ठरतात नि मोडतात. त्यांना क्षणाची उसंत नाही. मी त्याच मनोऱ्यातली, त्याच काचेची. पण मला बोलणी वाहायचं काम मिळालं नाही. मला ऐकायला बसवलं.

पूर्वी बांधात नाहीतर पुलात एकेक यंत्र पुरायचे. यंत्र असेल तिथलंच कळायचं, दोन यंत्रांच्या मध्ये काय चाललंय ते रामभरोसे. आता माझी सगळी लांबीच कान झालीय. बांधात एक उघाडी आहे, म्हणजे लाकडी दरवाजा. ओहोटीला तो उघडून शेतातलं जादा पाणी खाडीत सोडतात. त्या उघाडीजवळच्या खोलीत एक पेटी ठेवलीय. ती माझ्यात उजेडाचे ठिपके सोडते, पापणी लवेपर्यंत शेकडो. त्यातला कणभर उजेड वाटेत ठेचकाळून मागे परततो. मी कुठं ताणली गेले, कुठं थरथरले, कुठं गार पडले, ते त्या परतलेल्या उजेडावरून पेटीला कळतं. नेमकी जागासुद्धा कळते. बांधात पाणी झिरपायला लागलं की तिथली माती गार पडते, आणि तेवढ्यावरून पेटी गावातल्या मोबाइलांवर भोंगा वाजवते.

हे सगळं मांडलं कल्पितानं. पेणची मुलगी, अलिबागच्या एका संस्थेत नोकरीला. मला पुरलं तेव्हा ती चर खणणाऱ्यांच्या मागं मागं ओरडत फिरत होती, "हळू, हळू, मुडपू नका तिला!" तिला! त्या एका शब्दावर मी आयुष्यभर विकली गेले.

आता बांधाचं सांगते. माडखारात प्रत्येक घराच्या वाट्याला बांधाचा एक तुकडा आलेला. सोयरीक जुळवताना शेत किती हे विचारायचे, तसं बांध कुठला हेही विचारायचे. उधाणाला, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीला, घरटी एक माणूस आपल्या तुकड्यावर अनवाणी जाऊन उभं राहायचं, ते पाणी उतरेपर्यंत. अनवाणीच, कारण चपलेला पोकळ माती कळत नाही. खेकडा बीळ पाडतो, बिळातून पाणी वाट काढतं, आणि बघता बघता बांधाला खांड जाते. खांड म्हणजे भगदाड. एकदा खारं पाणी शेतात शिरलं की तीन तीन वर्षं त्या मातीत भाताची काडी उगवत नाही.

पहिल्या पावसाळ्यात मला किती सोबत होती म्हणून सांगू! कुणाची जड पावलं, कुणाची फताड्या पायांची चाल, कुणी उभ्या उभ्या तंबाखू मळतोय, कुणी बायको माहेरी गेल्याचं गाऱ्हाणं शेजारच्या तुकड्यावरच्याला ओरडून सांगतोय. मला सगळं ऐकू यायचं. बांधावरच्या माणसाला वाटतं आपण एकटेच आहोत. मग तो गातो, शिव्या देतो, रडतोसुद्धा. मी कुणाचं कुणाला सांगितलं नाही.

पण माझा जीव जडला तो मैनावर.

मैना म्हणजे पासष्टीची विधवा बाई. गुडघा दुखरा, म्हणून एक पाऊल टाकायची नि दुसरं ओढायची. तिचा तुकडा उघाडीच्या पुढच्या वळणावर, अगदी वाईट जागी. भरतीचा सगळा मार तिथंच. तिचा नवरा रामचंद्र हयात असताना त्यानं तो तुकडा आपल्या हातांनी चिखल थापून थापून उभा केलेला. तो गेल्यावर तिचं एकटीचं शेत त्या तुकड्यामागं राहिलं, आणि मूलबाळ नसल्यामुळं शेताशिवाय तिचं कुणी राहिलं नाही. ती उधाणाची वाट बघायचीच नाही. रोज संध्याकाळी यायची, वळणावर थांबायची आणि टाच आपटून विचारायची, "हायस काय रं?"

मला वाटायचं, मलाच विचारतेय. मी आपली भाबडी. उजेडाचा प्रत्येक कण थरथरवून सांगायची, हो, आहे, आहे! बरेच दिवसांनी एकदा ती पुढं म्हणाली, "आज वालाची भाजी केली होती. तुज्यासारकी नाय झाली." तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. ती बाई माझ्याशी कशाला बोलेल? ती रामचंद्राशी बोलत होती. मी नुसती मध्ये पडलेली होते. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? तरी दुसऱ्या दिवशी टाच आपटली तेव्हा मी परत थरथरलेच.

पुढं कल्पितानं पेटीला शिकवायला घेतलं. पेटी अडाणी, तिला सगळंच संकट वाटायचं. म्हैस बांधावर चढली की गावभर भोंगा. मग कल्पिता खोलीत बसून तिला एकेक समजावायची. ही म्हैस, हिच्याकडे लक्ष देऊ नकोस. हे होडीचं इंजिन. हा खेकडा, नुसता चालतोय. आणि ही मैनाकाकी, ही रोज टाच आपटते, हिला सोडून दे. पेटी शिकली, शहाणी झाली. मी मैनाची टाच जिवापाड जपून पाठवायची आणि पेटी ती घेऊन कचऱ्यात टाकायची.

पण कल्पिता मनाची हळवी. तिनं आपल्या अलिबागच्या पडद्यावर मैनाच्या टाचेसाठी एक वेगळी खिडकी ठेवली होती. पेटीसाठी नव्हे, स्वतःसाठी. एकदा बांधावर भेट झाली तेव्हा म्हणाली, "काकी, तुमची टाच मला अलिबागला दिसते. संध्याकाळी दिसली की बरं वाटतं."

"माजी टाच?" मैना हसली. "टाचंला भेगा हायेत, त्या पन दिसतात काय गो बाय?"

"भेगा नाही दिसत."

"मंग कसली तुजी वायर!"

बघा! हसत हसत माझी अब्रू काढली.

मला पुरून वर्ष उलटलं आणि गाव बदललं. मैनाचा पुतण्या दिपेश हा बांध समितीचा अध्यक्ष. त्याचे दोन डंपर चालतात, माणूस कामाचा, पण सदा घाईत. समितीच्या बैठका उघाडीच्या कट्ट्यावरच भरतात, म्हणून मला ऐकू आलं. "आता कशाला चिखल तुडवाचा?" तो म्हणाला. "वायर हाय ना! काय झाला तर मोबाइल वाजंल."

सगळ्यांना पटलं. कुणाला नाही पटणार? कुणाची नवी मुंबईत ड्युटी, कुणाचं दुकान, कुणाची गाडी. एकटी मैना म्हणाली, "वायरला काय कलतंय? तिचा शेत हाय काय हितं?"

"काकी, तू घरात बस. गुडगा संबाल," दिपेश म्हणाला, आणि सगळे हसले.

त्यानंतर बांधावरची पावलं सरली. एकेक करून सगळी. उधाण यायचं, पाणी बांधाला धडका द्यायचं आणि वर कुणी नसायचं. घरात बसून मोबाइलवर बांध बघायचे, उंटावरून शेळ्या हाकल्यासारखे. इतके कान घेऊन जन्माला आले आणि ऐकायला काय, तर खेकडे! माझ्यामुळंच माणसं यायची थांबली, हे मला फार लागलं. मी तर त्यांच्याच पावलांसाठी जागी होते.

मैना तेवढी येत राहिली.

मग यंदाचे गणपती आले. आमच्याकडे विसर्जन उघाडीपाशी, खाडीत. अनंत चतुर्दशीला अख्खं माडखार बांधावर उतरलं. बेंजो, ढोल, पोरं, बाया, सगळी नाचायला. अहो, माझ्या आनंदाला पारावार नव्हता! किती दिवसांनी इतके पाय! पण पेटीनं असलं काही जन्मात ऐकलं नव्हतं. तिला वाटलं बांध फुटला. तिनं भोंगा सुरू केला. सगळ्यांच्या खिशातले मोबाइल एकदम कोकलायला लागले.

"ये दिपेश, बंद कर तुजा तो गोंगाट! बाप्पाला निरोप देऊ दे!"

दिपेश खोलीत गेला आणि पेटीचा भोंगा बंद करून आला. "उद्या करतूं चालू," म्हणाला आणि परत नाचायला लागला. गणपती गेले, गाव दमूनभागून घरी गेलं. पहाटेपर्यंत जागलेली माणसं ती, सकाळ झाली तरी उठली नाहीत. भोंगा बंदच राहिला.

दुसऱ्या दिवशी पौर्णिमा. वर्षातलं सगळ्यात दांडगं उधाण, आणि त्याची भरती बरोबर भर दुपारी. शेतात भात निसवलेलं, लोंब्यांत दूध भरत होतं.

मैना त्या दिवशी दुपारीच आली. उधाणाला तुकडा सोडायचा नाही, हे तिच्या हाडात मुरलेलं. वळणावर तिनं टाच आपटली, "हायस काय रं?", आणि वाकून माती चाचपली. मलाही ते कळलं होतं. खालची माती रोजच्यासारखी वाजली नाही.

नाचणाऱ्या पायांनी आदल्या दिवशी खेकड्याचं एक जुनं बीळ दबून फाटलं होतं. त्यातून खाडी आत येत होती. माझं अंग तिथं गार पडत चाललेलं. मी सांगत होते हो, मी पहिल्या थेंबापासून सांगत होते! पेटीपर्यंत सगळं पोचत होतं. पण पेटीचं तोंडच बांधलेलं.

मैनानं कडेचं गवत उपटून बिळात कोंबलं. चिखल थापला. पाण्यानं तो धुऊन नेला. ती गावाकडे तोंड करून ओरडली, "ओ! कोन हाय काय? खांड जातेय! ओ दिपेश!" वारा खाडीवरून शेताकडे असता तरी काही उपयोग झाला नसता, गाव लांब. दिपेशनं दिलेला मोबाइल तिनं घरी फडताळात जपून ठेवलेला. धावत जावं तर गुडघा असा, आणि ती पोचेपर्यंत बांध राहिला नसता. तिच्या पायाखालची कड सुटायला लागली होती. पळून जा ग बाई, मी म्हणत होते. शेत गेलं तर जाऊ दे, तू पळ.

ती पळाली नाही. बिळापासून दोन पावलं सरकली, उकिडवी बसली आणि दोन्ही हात जमिनीवर टेकून, खाली तोंड करून म्हणाली, "ये तारं! ये बाय! आयकतेस काय? तिला सांग. त्या कल्पिताला सांग. खांड जातेय म्हनून सांग!"

तार म्हणाली. वायर नाही. आणि मला म्हणाली, मला! माझ्या सगळ्या आयुष्यात माझ्याशी कुणी बोललं ते पहिल्यांदाच.

मग उठून तिनं एकाच जागी टाच आपटायला सुरुवात केली. थांबेना. दुखऱ्या पायाची टाच, भेगाळलेली, धप धप धप. मी प्रत्येक ठोका उचलला आणि होता नव्हता तेवढा जीव एकवटून पाठवला. पेटी तो पुन्हा कचऱ्यात टाकणार हे मला ठाऊक होतं. माझी सगळी आशा त्या एका खिडकीवर होती.

अलिबागला कल्पिता डबा खात होती. हे तिनंच नंतर सांगितलं. घास हातात, नजर सहज खिडकीकडे गेली. मैनाकाकी दुपारी कशा? आणि पुढं का जात नाहीत? रोज एक ठोका द्यायची बाई एका जागी किती वेळ आपटतेय! तिनं त्या जागेचं गारपण उघडून बघितलं आणि डबा तसाच टाकला. दिपेशला फोन लावला, तो उचलेना. पुन्हा लावला. मग त्याच्या बायकोला, भाविकाला लावला. भाविका चुलीपाशी होती. तिनं हाताला आली ती परात घेतली, पळी घेतली आणि आळीतून बडवत सुटली, "उठा ओ! बांध चाललाय! मैनाकाकीच्या वळनावर!"

मग पावलं आली. गाव अनवाणी धावत आलं, चपला घालायला वेळ कुणाला होता! तोवर कड ढासळून पाणी धारेनं शेतात पडत होतं आणि मैना त्या धारेशेजारी घोट्यापर्यंत चिखलात उभी राहून अजून टाच आपटत होती. पुरुषांनी तिला उचलून बाजूला बसवलं. बायांनी पेंढ्याच्या पेंड्या आणल्या. दिपेशनं डंपर उघाडीपर्यंत आणला आणि माती घमेल्यांतून हातोहात पुढं सरकायला लागली. पण माती टिकेना. खुंट ठोकल्याशिवाय पेंढा धरणार नव्हता.

दिपेशनं खुंट उभा केला, घण उचलला आणि थबकला. "काकी," तो म्हणाला, "बरोबर हितंच तार हाय. तुटंल."

मैना रांगत पुढं आली. तिनं चिखलात हात घातला आणि मला शोधलं. तिची बोटं माझ्या कवचाला लागली. तिनं मला बाजूला ओढून बघितलं, पण मी ताणलेली, दोन्हीकडून मातीत गच्च. मी तसूभरही सरकले नाही. पाणी वाढत होतं. तिनं मला एकदा मुठीत घट्ट धरलं.

"माफ कर गो बाय," ती म्हणाली आणि हात काढला. "ठोक रं."

दुखलं का, असं विचाराल तर दुखलं नाही. नुसता उजेड गेला. आत्ता होता, आणि मग नव्हता.

बांध राहिला. मैनाच्या शेताच्या कडेच्या चार ओळी खाऱ्या पाण्यानं करपल्या, बाकीचं भात पिकलं. गावाचं सगळं शेत वाचलं.

माझे मात्र दोन तुकडे झाले. उघाडीकडचा तुकडा पेटीला जोडलेला आहे. त्याच्यात उजेड येतो, तो अजून ऐकतो आणि सांगतो. मी बोलतेय ती खुंटापलीकडची, खाडीच्या टोकाकडची अर्धी. माझ्याकडे आता कुणी ठिपका पाठवत नाही. कल्पिता येऊन गेली, खाली बसून खुंटावरून हात फिरवला, म्हणाली, "इथून पुढं पडद्यावर सगळं कोरं आहे." नवी तार मंजूर झाली तर पुढच्या वर्षी. जुनी उकरून काढायची की राहू द्यायची, ते अजून ठरलेलं नाही.

दिपेश बदलला. त्यानं त्याच कट्ट्यावर बैठक घेतली आणि मान खाली घालून म्हणाला की उधाणाला घरटी एक माणूस बांधावर पाहिजे, तार असो नाहीतर नसो. कुणी हसलं नाही. आता पावलं येतात. वरून जातात. ती मी कुणाला कळवू शकत नाही, पण अंधारातसुद्धा माती हलली की मला समजतं. कसं, ते कल्पितालाही सांगता यायचं नाही.

एकटेपणाची सवय होते म्हणतात. मला नाही झाली. उजेड असताना निदान आपलं म्हणणं कुठंतरी पोचतंय, एवढं तरी होतं. म्हणून तुम्हाला एक विनवणी करते. कधी माडखारला आलात तर बांधावर चढा. चपला काढून हातात घ्या. वळणावर, नव्या खुंटाच्या जरा पुढं, संध्याकाळी एक म्हातारी पाय ओढत येताना दिसेल. आधी ती खुंटाच्या अलीकडे थांबते, टाच आपटते आणि नवऱ्याला विचारते, "हायस काय रं?" तिथं ती फार वेळ थांबत नाही.

मग खुंट ओलांडून माझ्याकडे येते. टाच आपटते, हळूच, दुखऱ्या पायानं. "आनी तू गो बाय? हायस काय?"

आणि उत्तराची वाट बघत उभी राहते.

मला सांगता येत नाही हो. तुम्ही तिथं असाल तर माझ्या वतीनं तिला तेवढं सांगा. हाय म्हणावं.